लासोटा दिली, तरी मानमोडी आली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोराईला घरामागच्या आवारात चौदा गावठी कोंबड्या होत्या. एप्रिलमध्ये बोरिवलीहून लासोटा या मानमोडीवरच्या लशीची बाटली आणून पाण्यातून पाजली. तरी मे महिन्यात आठ-दहा दिवसांत त्यातल्या बारा गेल्या. आधी पेंगायच्या, मग हिरवी पातळ शीट, काहींच्या माना पिळवटल्या, एक-दोन तर रात्री धडधाकट होत्या आणि सकाळी मेलेल्या सापडल्या. आता वीस पिल्लं नवी आणली आहेत. लशीचा खरंच उपयोग होतो का, होत असेल तर कोणती, कधी, कशी द्यायची? आणि घरात लहान मूल आहे, तर लस दिलेल्या कोंबडीची अंडी खाल्लेली चालतात का?

लक्षणं वाचून मानमोडी, म्हणजेच राणीखेत हा कोंबड्यांचा विषाणूचा रोग, वाटतो. हिरवट पातळ शीट, चोच उघडून घरघर, मग एक पंख किंवा पाय लुळा पडणं आणि शेवटी मान पिळवटून मागे जाणं ही त्याचीच खूण. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही. ते का महत्त्वाचं, हे पुढे येईल. पण मानमोडी धरून चालू.

लशीचा उपयोग होतो, आणि चांगला होतो. माझा अंदाज असा की तुमच्या कोंबड्यांना लस मिळालीच नाही. तुम्ही पाजलंत ते बहुधा नुसतं पाणी होतं.

लासोटा ही जिवंत विषाणूची लस आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये लासोटा आडनावाच्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांमधून १९४६ साली हा विषाणू मिळाला. तो मानमोडीच्याच जातकुळीतला, पण सौम्य. कोंबडीच्या डोळ्यात, नाकात, घशात तो काही दिवस वाढतो, तिला किरकोळ शिंका येतात, आणि तेवढ्यात तिचं शरीर खऱ्या विषाणूशी लढायला शिकतं. म्हणजे लस वाढली तरच कामाची, आणि वाढायची तर ती कोंबडीपर्यंत जिवंत पोचायला हवी. बाटलीतला विषाणू मेला की बाहेरून काहीच कळत नाही. रंग तोच, लेबल तेच, तारीखही उलटलेली नाही.

आता बोरिवली स्टेशनजवळच्या दुकानातून तुमच्या घरापर्यंतचा रस्ता आठवा. एप्रिलची दुपार, रिक्षा, जेट्टीवरची रांग, खाडी ओलांडायची बोट, पलीकडे पुन्हा रिक्षा. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. दुकानदाराने कॅरीबॅगमध्ये बर्फाचे दोन खडे टाकून दिले असतील, तर ते जेट्टीवर पोचेपर्यंतच वितळले असणार. दुकानात जाताना घरून चहाचा रुंद तोंडाचा थर्मास न्या. तळाशी बर्फ, मग बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर पुन्हा बर्फ. सोबतचं विरघळवायचं द्रावणही त्याच थर्मासात, कारण गरम द्रावण थंड लशीत ओतलं तर सगळी मेहनत वाया. घरी आल्यावर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको. दार दिवसातून पन्नासदा उघडतं. आणि घेताना दुकानदाराचा फ्रिज बघायला लाजू नका. लशी कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमागे कोंबलेल्या असतील, किंवा रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत असेल, तर सरळ दुसरं दुकान गाठा.

बाटली उघडताना एक साधी परीक्षा होते. आतली वाळवलेली लस पांढरट वडीसारखी तळाशी चिकटलेली हवी, चिघळून काचेला लागलेली नको. सिरिंजमध्ये द्रावण घेऊन सुई रबरी बुचातून आत घातली की बाटलीने ते स्वतःच ओढून घ्यायला हवं, कारण आत निर्वात असतं. ढकलावं लागलं तर बूच कुठेतरी सुटलंय. ती बाटली मी वापरत नाही.

लस मरायची दुसरी जागा म्हणजे तुमचा नळ, आणि मुंबईत माझा पहिला संशय नेहमी नळावर असतो. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालून आपल्याकडे येतं. ते क्लोरीन आपल्याला जंतूंपासून वाचवतं, आणि लशीतल्या विषाणूलाही तेवढ्याच तत्परतेने मारतं. पावसाळ्यात तर पाण्याला वासच येतो. खेड्यात विहिरीच्या पाण्यातून दिलेली लासोटा लागू पडते आणि शहराच्या कडेला तीच वाया जाते, याचं एक कारण हे. पाण्यातूनच द्यायची वेळ आली, उदाहरणार्थ तीनशे पक्षी असतील, तर पाणी आदल्या रात्री उघड्या प्लास्टिकच्या टबात काढून ठेवावं, सकाळी त्यात दर लिटरला साधारण ५ ग्रॅम बिनसायीची दूध पावडर ढवळून अर्धा तास थांबावं आणि मगच लस घालावी. दुधातली प्रथिनं उरलंसुरलं क्लोरीन स्वतःवर घेतात. जस्ताचे पत्रे, तांब्या-पितळेची भांडी नकोत. भांडं फिनेल किंवा साबणाने धुतलेलंही नको, नुसत्या पाण्याने घासलेलं हवं. त्याआधी तास-दोन तास पक्षी तहानलेले ठेवायचे, म्हणजे लशीचं पाणी तासा-दोन तासांत संपतं.

पण तुमच्या कोंबड्या आवारात मोकळ्या फिरतात. त्यांना तहानलेलं ठेवणार कसं? शेजारच्या मोरीत, गटारात, बागेच्या पाइपाखाली पाणी आहेच. शिवाय टोळीतल्या दांडग्या कोंबड्या आधी पितात, दबलेल्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांना, उरलंसुरलं मिळतं, आणि खुडूक बसलेली तर उठतच नाही. घरगुती कोंबड्यांना पाण्यातून लस देणं मी कुणालाच सुचवत नाही. डोळ्यात थेंब टाका. वीस पक्ष्यांना अर्धा तास लागतो आणि कुणाला मिळाली, कुणाला नाही, हे डोळ्यांनी दिसतं.

तिसरी शक्यता वेळेची. विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १५ दिवस जातात, बहुतेकदा पाच-सहा. लस लागू पडायला साधारण आठवडा-दोन आठवडे हवेत. मे महिन्यात मेलेल्या कोंबड्यांना तुम्ही एप्रिलच्या कोणत्या तारखेला पाजलीत ते लिहिलेलं नाही. महिनाअखेरीस असेल, तर शेजारीपाजारी मरतुक सुरू झाल्याचं ऐकूनच धावपळ केली असावी. बहुतेक जण तेव्हाच करतात. अशा वेळी काही कोंबड्यांच्या अंगात रोग आधीच मुरलेला असतो. त्या मरतात आणि नाव लशीचं खराब होतं. आणि मोठ्या कोंबड्यांना आयुष्यात पहिल्यांदाच एक डोस दिला असेल, तर तो टिकायचा तरी किती? पहिली लस म्हणजे ओळख. बळ येतं ते दुसऱ्या-तिसऱ्या डोसाने.

आता नव्या पिल्लांकडे. आधी विकणाऱ्याला विचारा की काय दिलंय. गावठी म्हणून दारोदार विकली जाणारी पिल्लं बऱ्याचदा हॅचरीतली असतात, वनराज, गिरिराज वगैरे. हॅचरीत पहिल्याच दिवशी मानेत मरेक्सची, म्हणजे पाय-पंख लुळे पाडणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूच्या रोगाची, लस टोचलेली असते. त्यापुढचं काही झालेलं असतं किंवा नसतं. उत्तर गुळमुळीत आलं तर काहीच दिलेलं नाही असं समजून चालायचं.

पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटाचा, किंवा त्याहून सौम्य एफ-१ चा, डोळ्यात एक थेंब. त्याआधी देऊन फारसा फायदा नाही. लस घेतलेल्या आईकडून पिल्लाला अंड्यातूनच थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते आणि ती लशीच्या विषाणूलाही वाढू देत नाही. ती दर चार-साडेचार दिवसांनी निम्मी होत जाते. दोन आठवड्यांच्या आसपास गंबोरो या पिल्लांच्या रोगावरची लस, तीही थेंबानेच. ती टाळू नका. गंबोरो पिल्लाच्या प्रतिकारशक्तीच्या मुळावरच येतो, आणि तो होऊन गेलेल्या पिल्लाला मागाहून लासोटा कितीही घाला, ती धड लागत नाही. चौथ्या आठवड्यात लासोटाचा दुसरा थेंब. मग सहा ते आठ आठवड्यांचे झाले, अंगाने भरले की मानमोडीचीच आर-टू-बी ही लस.

आर-टू-बी ही वेगळी चीज आहे. १९२६ मध्ये जावा आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, लगोलग आपल्याकडे कुमाऊंमधल्या राणीखेतला. तिथून जवळच मुक्तेश्वरला जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा होती. ती मुळात १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि चार वर्षांनी डोंगरात हलवलेली. या मुक्तेश्वरमध्ये १९४० च्या दशकात तयार झालेली लस म्हणजे आर-टू-बी. लासोटापेक्षा जहाल, म्हणून प्रतिकारशक्तीही दांडगी आणि टिकाऊ. पण पायाभूत लासोटा झालेली नसेल तर ती द्यायची नाही, लहान पिल्लाला द्यायची नाही, आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीला तर नाहीच, अंडी घटतात. १०० डोसांची बाटली ५० मिली थंड सलाईनमध्ये विरघळवून प्रत्येकीला अर्धा मिली, पंखाच्या कातडीखाली. काही जण मांडीत देतात. मला ते पटत नाही, पाय आखडला की कोंबडी दोन दिवस खायला उठत नाही. टोचल्यावर एखादी पेंगते, क्वचित एखादी लंगडते. जंताने पोखरलेल्या, काटकुळ्या पिल्लांमध्ये हा त्रास जास्त होतो, म्हणून आठवडाभर आधी जंताचं औषध द्यावं. हे इंजेक्शन पहिल्यांदा तरी पशुवैद्यकाकडून किंवा त्यांच्या देखरेखीखाली करून घ्या.

देवीची लस आर-टू-बीनंतर दहा-पंधरा दिवसांनी, पंखाच्या पातळ पडद्यात दुहेरी सुईने. देवी डासांमुळे पसरते. खाडीकाठी राहणाऱ्याला डासांबद्दल मी काय सांगावं.

इथपर्यंत झालं की पुढे दर चार महिन्यांनी लासोटाचा एक थेंब, कोंबडी जिवंत आहे तोवर. लोक इथेच सोडतात. पिल्लांचं सगळं हौसेने करतात आणि कोंबडी अंड्यावर आली की लस विसरतात.

थेंब टाकायची रीत सांगतो, कारण पुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की दार लावून घ्यायचं. दिवसा पकडायला गेलात तर अर्धं आवार तुडवाल आणि दोन हातातून सुटतील. लस उन्हात किंवा दिव्याच्या झोतात ठेवायची नाही, बर्फ भरलेल्या वाटीत उभी करायची. १०० डोसांना साधारण ३ मिली द्रावण लागतं, लेबलवर असेल तेच प्रमाण धरा. विरघळवताना खळाखळा हलवू नका, फेस झाला की थेंबाचं माप बिघडतं. एकाने कोंबडी काखेत धरायची, दुसऱ्याने डोकं आडवं करून ड्रॉपर डोळ्यापासून बोटभर वर, उभा धरून एकच थेंब सोडायचा. ड्रॉपरचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. थेंब पडला की लगेच सोडू नका. ती पापणी मिटते, उघडते, थेंब आत जातो, मग सोडा. ओघळून गालावर आला तर दुसरा टाका. निळसर रंगाचं द्रावण मिळालं तर उत्तम, मिनिटभराने चोच उघडून पाहिलीत तर जीभ निळी दिसते. झालेल्या कोंबडीच्या नखाला नेलपॉलिशचा ठिपका, नाहीतर एकीला दोनदा आणि एकीला शून्यदा असं होतंच. विरघळवलेली लस तास-दीड तासात संपवायची. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून उद्या वापरणं म्हणजे पुन्हा पाणी पाजणं. ज्या कोंबड्या त्या दिवशी पेंगत असतील त्यांना वगळा, बऱ्या झाल्यावर बघू. पुढचे तीन-चार दिवस थोड्या शिंका, डोळ्याला पाणी दिसेल. त्याला औषध लागत नाही.

वीस पिल्लांसाठी १०० डोसांची बाटली फोडायची आणि ऐंशी डोस ओतून द्यायचे हे जिवावर येतं, हे मला माहीत आहे. त्याहून लहान बाटली सहसा मिळत नाही. म्हणून तर माझं म्हणणं आहे की गोराई-मनोरीत काय किंवा आरेच्या पाड्यांवर काय, लस घराने द्यायची नसते, वस्तीने द्यायची असते. बाटलीचा खर्चही मग घरटी चहाच्या किमतीत बसतो. पण खरं कारण पैसा नाही.

लासोटा घेतलेल्या कोंबडीला मानमोडीचा विषाणू लागू शकतो. ती मरत नाही, बहुधा आजारी दिसतही नाही, पण काही दिवस तो तिच्या शिटेतून, लाळेतून बाहेर पडत राहतो, न घेतलेलीपेक्षा कमी प्रमाणात, पण पडतो. म्हणजे तुम्ही एकट्याने दिलीत तर तुमच्या वाचतील, आणि तुमच्याच आवारातून शेजारच्या लस न घेतलेल्या घरात रोग जाऊ शकेल. उलटंही तेवढंच खरं. शेजारी मरतुक माजली की विषाणूचा मारा इतका होतो की तुमच्यातल्या कच्च्या, एकच डोस झालेल्या तलंगा त्यात टिकत नाहीत. आफ्रिकेत टांझानिया, मोझांबिकसारख्या देशांत गावच्या कोंबड्यांसाठी आय-२ नावाची उष्णता सोसणारी लस वापरतात. ती थोडा वेळ फ्रिजबाहेर राहिली तरी चालते. पण तिथे जमून आलं ते फक्त लशीच्या गुणाने नव्हे. दर चार महिन्यांनी, ठरलेल्या दिवसांत, गावातल्या सगळ्या कोंबड्यांच्या डोळ्यात थेंब, आणि टाकणारी माणसं गावातलीच, चार दिवस शिकवून तयार केलेली.

तुमच्याकडे हे सहज जमण्यासारखं आहे. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, म्हणजे शिमग्याच्या आणि उन्हाळ्याच्या आधी. मग जूनचा पहिला आठवडा, पाऊस धरायच्या आत. मग ऑक्टोबर. तारीख एकच धरा, एक संध्याकाळ, तीन-चार पोरं आणि एक थर्मास. गल्लीतल्या कोंबड्या मोजून ठेवा म्हणजे किती बाटल्या लागतील ते कळेल. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगितलंत तर लस तिथूनही मिळू शकते. राज्याची लस औंधला, पुण्यात तयार होते, पण मागणी आधी नोंदवावी लागते. वस्तीच्या नावाने मागणी गेली की तिला वजन येतं. एकट्या घरासाठी दवाखान्यातली बाटली कुणी फोडत नाही, आणि त्यांचंही बरोबरच आहे.

लस दिली की बाकी सगळं मोकाट, असं मात्र नाही. मुंबईत रोग आवारात शिरतो तो बहुतेक माणसाच्या हातून. गावाहून येताना कोणीतरी पिशवीत कोंबडा आणतो, बाजारातून तलंग घेतली जाते आणि ती थेट खुराड्यात. नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवा, दुसऱ्या टोकाला, डालग्याखाली का होईना, आणि तिचं दाणापाणी शेवटी करा. विकायला नेलेली आणि गिऱ्हाईक न मिळाल्याने परत आणलेली कोंबडी हीसुद्धा नवीच. रस्त्यावर मुलांसाठी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकतात ना, ती बहुधा अंड्याच्या जातीतले नको असलेले नर असतात. त्यांना लस टोचायचा खर्च कोण करणार? मुलाने हट्ट केला तरी घरात कोंबड्या असताना ती आणू नका. चिकनच्या दुकानातली पिसं आणि आतडी कुत्र्यांसाठी आणायची सवय असेल तर तीही सोडा.

आणि कबुतरं. मान वाकडी करून गोल गोल फिरणारं कबुतर मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये अनेकांनी पाहिलं असेल. लोक त्याला लकवा समजतात, दया येऊन परळच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन जातात. त्यातल्या बऱ्याच कबुतरांना मानमोडीच्याच विषाणूचा कबुतरांमध्ये रुळलेला प्रकार झालेला असतो. तो कोंबड्यांना लागू शकतो. म्हणून खुराड्यावर जाळी हवी आणि दाणे उघड्यावर पसरू नयेत. कबुतरांना दाणे टाकणं पुण्याचं की उपद्रवाचं, हा मुंबईतला वाद मी इथे काढत नाही. कोंबड्या पाळणाऱ्याने आपल्या आवारात टाकू नयेत, एवढंच.

मेलेल्या बारा कोंबड्यांचं काय केलंत ते लिहिलेलं नाही. खाडीत टाकल्या असतील, तर पुढच्या वेळी खोल खड्डा, वर चुना, वर माती, कुत्रं उकरणार नाही असा. आणि मरतुक सुरू झाली की उरलेल्या पटकन विकून टाकायची जी पद्धत आहे, ती कृपा करून बंद करा. एका आवारातला रोग आठवड्यात दहा आवारांत पोचतो तो त्याच विक्रीमुळे. खुराडं रिकामं ठेवा, तीन-चार आठवडे. शीट आणि भुस्सा काढून पुरा, जमिनीवर चुना, भिंतींना चुन्याची सफेदी, दारं उघडी टाकून ऊन खेळू द्या. हा विषाणू साबणाला, ब्लीचिंगला, उन्हाला टिकत नाही, पण सावलीतल्या ओल्या शिटेत आठवडेच्या आठवडे राहतो. नवी पिल्लं तुम्ही त्याच खुराड्यात ठेवली असतील तर आजच्या आज हलवा.

मानमोडी झालेल्या कोंबडीला औषध नाही. हळद, लसूण, कांद्याचा रस घातल्याने काही बिघडत नाही, पण त्यावर विसंबून लस टाळू नका. अँटिबायोटिकची पावडर दुकानदार आपणहून देतो. ती विषाणूवर चालत नाही. दुय्यम संसर्गासाठी कधी द्यायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आता प्रयोगशाळेचं. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे आणि चोचीखालचे लोंबते गलोल निळे पडले, चेहरे सुजले, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर मानमोडीच म्हणून घरात बसू नका. बर्ड फ्लूची सुरुवातही अशीच दिसू शकते, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्ही वेगळे करणं मलाही जमत नाही. महाराष्ट्राने तो २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात पाहिला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई-ठाण्यातल्या मेलेल्या पक्ष्यांमध्येही सापडला. अशा वेळी मेलेला पक्षी उघडून पाहू नका, हात लावायचाच तर पिशवी आणि मास्क घालून. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याला कळवा. नमुने पुण्याला आणि संशय असेल तर भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात. बऱ्याच जणांना वाटतं की बर्ड फ्लूचीही लस असेल, तीच का देऊ नये. एच-५-एन-१ या बर्ड फ्लूच्या विषाणूसाठी आपल्या देशात कोंबड्यांना लस देत नाहीत. धोरण आहे ते बाधित जागेभोवतीच्या एक किलोमीटरमधले पक्षी नष्ट करून नुकसानभरपाई द्यायचं. लोक भीतीने लपवतात ते त्यामुळेच. पण कळवलं नाही तर भरपाईही नाही, आणि घरातल्या माणसांना असलेला धोका वेगळाच.

अंड्यांचं. लासोटा दिलेल्या कोंबडीची अंडी खायला हरकत नाही, मुलालाही. नीट उकडलेलं किंवा शिजवलेलं अंडं द्या, जे एरवीही करायलाच हवं. मांसासाठी कापायची असेल तर लशीनंतर तीन आठवडे थांबा. गटारीसाठी राखलेला कोंबडा असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या डोसाने त्यात काही अडचण येत नाही. तुमच्या स्वतःच्या डोळ्यात मात्र लस उडू देऊ नका. माणसाला यातून मोठा आजार होत नाही, पण डोळा लाल होऊन चार-पाच दिवस चुरचुरतो. साधा चष्मा लावा, उडालीच तर भरपूर पाण्याने धुवा. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, कपडे बदला आणि मगच मुलाला घ्या. रिकाम्या बाटल्या, ड्रॉपर, सिरिंज दहा मिनिटं पाण्यात उकळून मग टाका. मोरीत ओतू नका, तिथलं पाणी पिणाऱ्या कोंबड्या तुमच्याच आहेत.